सीटी नॉर्मल आली, मग इंजेक्शन कशाला?

पहाटेचे पावणेचार. सीटीच्या खोलीबाहेर बाकड्यावर तिशीतला एक मुलगा बसलेला, मांडीवर वडिलांची चप्पल आणि नुकताच त्यांच्या गळ्यातून काढून दिलेला ताईत. वडील आत टेबलावर. तासाभरापूर्वी ते लघवीला उठले होते. जाता जाता बायकोला म्हणाले, "मोटर बंद केलीस का गं?" परत येताना उजवा पाय फरफटत आले आणि दारातच बसले. तोंड वाकडं, बोलणं बोबडं. शेजारपाजारचे गोळा झाले आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, अंगावरून वारं गेलं.

स्कॅन झाल्यावर मी बाहेर येऊन सांगितलं, "रक्तस्राव नाही. सीटी जवळजवळ नॉर्मल आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लगेच द्यायला हवं."

मुलगा उठून उभा राहिला. "नॉर्मल आहे म्हणता, मग इंजेक्शन कशाला, डॉक्टर? आणि नॉर्मल आहे तर बाबांचा हात का उचलत नाही? त्यापेक्षा तो मोठा स्कॅन करू ना, एमआरआय. पैशाचं आम्ही बघतो."

तिन्ही प्रश्न रास्त. जिल्ह्याच्या गावी रेडिओलॉजी करताना हे प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत की नातेवाइकाचा चेहरा पाहून पुढचा कोणता येणार ते कळतं. त्या रात्री मी दोन मिनिटांत उत्तर दिलं, कारण तेवढीच हातात होती. इथे जरा ऐसपैस सांगतो.

एक चेहरा, दोन आजार

पक्षाघात म्हणा, लकवा म्हणा, अर्धांगवायू म्हणा, बाहेरून दिसतं ते सारखंच. आत मात्र एकमेकांच्या अगदी उलट अशा दोन गोष्टी घडलेल्या असू शकतात. एक, मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली आणि तिच्या पुढचा भाग उपाशी पडला. दोन, रक्तवाहिनी फुटली आणि रक्त मेंदूत साचलं. पहिला प्रकार जास्त आढळतो, पण वर्षानुवर्षं बीपीच्या गोळ्या अर्धवट सोडणाऱ्यांच्या आपल्या समाजात दुसराही काही विरळा नाही.

पहिल्यावर उपाय गुठळी विरघळवण्याचा. तेच औषध दुसऱ्याला दिलं, तर जी गळती थांबायला हवी ती वाढते. म्हणजे चुकीच्या रोग्याला दिलेलं बरोबर औषध जीव घेऊ शकतं.

नाडी, बीपी, डोकेदुखी, उलटी यावरून अनुभवी डॉक्टरला ओळखता येत नाही का? अंदाज येतो. अंदाजावर हे औषध देता येत नाही. चीनमध्ये एक मोठी चाचणी झाली, २०२४ साली ती प्रसिद्ध झाली. पक्षाघाताचा संशय आणि चढलेला रक्तदाब असे २,४०४ रुग्ण. त्यांतल्या साधारण निम्म्यांचा रक्तदाब स्कॅनच्या आधी, रुग्णवाहिकेतच उतरवायला सुरुवात केली. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फायदाही नाही, तोटाही नाही. पण स्कॅननंतर दोन गट वेगळे काढले, तेव्हा चित्र उघडं पडलं: रक्तस्राववाल्यांना फायदा झाला होता आणि गुठळीवाल्यांचं नुकसान. बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊन बसले होते.

म्हणून घरी जिभेखाली बीपीची गोळी ठेवणं किंवा "हार्टला देतात ना" म्हणून ॲस्पिरिन चारणं, हे दोन्ही करू नका. आत काय झालंय ते अजून कोणालाच माहीत नसतं. शिवाय गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घातलं तर ते श्वासनलिकेत उतरतं, ती आणखी वेगळी आफत. हॉस्पिटलात मात्र स्कॅनच्याही आधी बोटाला टोचून एक तपासणी करतात, साखरेची. साखर फार उतरली तरी माणूस हुबेहूब लकवा झाल्यासारखा दिसतो, आणि ग्लुकोज चढवलं की थोड्या वेळात उठून बसतो.

सीटीला काय दिसतं, आणि काय दिसत नाही

सीटीचा जन्म ईएमआय या गाण्यांच्या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीतला. तिथले इंजिनियर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचा काप पाहिला. १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आम्ही आजही रोज त्यांचंच नाव घेतो, कारण सीटीत प्रत्येक ठिपक्याला जो आकडा मिळतो त्याचं एकक हाउन्सफील्ड.

पाण्याचा आकडा ०. हवेचा उणे १०००. मेंदूचा बाहेरचा करडा थर ३५ ते ४०च्या आसपास, आतला पांढरा भाग २५ ते ३०. आणि वाहिनीबाहेर येऊन साकळलेलं ताजं रक्त ६० ते ८०. आकडा जितका मोठा तितका ठिपका पांढरा. त्यामुळे करड्या मेंदूत ताजं रक्त खडूच्या डागासारखं उठून दिसतं. ते बघायला रेडिओलॉजिस्टसुद्धा लागत नाही, टेक्निशियन काचेपलीकडूनच "सर, ब्लीड" म्हणतो. (एक पाचर मात्र असते. हिमोग्लोबिन फारच कमी असलेल्या माणसाचं ताजं रक्त तितकं पांढरं दिसत नाही. आपल्याकडे हे विसरून चालत नाही.)

आता गुठळीचा विचार करा. रक्त थांबलं, पेशी उपाशी पडल्या. त्या लगेच दिसायला बदलत नाहीत. हळूहळू त्या भागात पाणी वाढतं, आणि पाणी १ टक्क्याने वाढलं की सीटीचा आकडा उतरतो फक्त २-३ने. ३७चा ३५ झालेला माणसाच्या डोळ्याला कसा कळणार? पहिल्या दोन-तीन तासांत सीटी नॉर्मल दिसते ती यामुळे. हात उचलत नाही हे खरं, आणि सीटीत काही नाही हेही तितकंच खरं. मेंदूचं काम बंद पडलंय. रूप अजून बदललेलं नाही.

आणि रूप बदललेलं नाही, हीच त्या रात्रीची चांगली बातमी होती. सीटीत मोठा काळा पट्टा दिसू लागला असता तर तेवढा मेंदू बव्हंशी गेलेला असता. आम्ही "नॉर्मल" म्हणतो तेव्हा नातेवाइकाला ऐकू येतं "काही झालेलं नाही". आम्हाला म्हणायचं असतं, "वाचवण्यासारखं पुष्कळ शिल्लक आहे." या एका शब्दाने किती मिनिटं खाल्ली असतील याचा हिशेब नाही. मी आता "नॉर्मल" म्हणायचंच टाळतो. "रक्त नाही, इंजेक्शन देता येईल," असं सांगतो.

अगदी नॉर्मल मात्र ती दर वेळी नसते. संगणकावर आम्ही काळ्या-पांढऱ्याची पट्टी आवळतो, म्हणजे फक्त ०-६० अशा थोड्याच आकड्यांत सगळ्या छटा वाटून टाकतो. मग ३७ आणि ३५मधला फरक कळायला लागतो. त्या काकांच्या डाव्या बाजूला, कानशिलाच्या आत मेंदूचा जो दुमडलेला काठ असतो, त्याची करडी रेघ एका जागी पुसट झालेली होती. उजवीकडे तीच रेघ पेन्सिलीने काढावी तशी स्वच्छ. दोन्ही बाजू शेजारी ठेवून दहादा पाहिलं तेव्हा खात्री पटली. कधी कधी गुठळीच दिसते, वाहिनीत अडकलेला पांढरा दोरा.

या पुसट खुणा मोजायची एक पद्धत कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉक्टरांनी २००० साली मांडली. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीचा इलाखा दहा भागांत वाटायचा, दहा गुण द्यायचे आणि जो भाग बिघडलेला दिसेल त्याचा एक गुण कापायचा. शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखं. दहा म्हणजे उत्तम, शून्य म्हणजे अख्खा इलाखा गेला. काकांना ९ दिले.

गुठळी विरघळवायच्या औषधाचा पाया ज्या अमेरिकी चाचणीने घातला (१९९५ साल, ६२४ रुग्ण, पहिल्या तीन तासांतले), तिच्यात रुग्ण निवडायला साधी सीटीच वापरली होती, रंगद्रव्य न टोचता काढलेली. औषध घेतलेल्यांत तीन महिन्यांनी जवळजवळ धडधाकट असण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी जास्त निघाली. फुकट काही नव्हतं: १०० पैकी सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, औषध न घेतलेल्यांत एकालाही जेमतेम. पुढे २००८ साली मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. पण "साडेचार तास आहेत ना" असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. मोठी वाहिनी बंद पडली की सरासरी मिनिटाला १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयाने हे फार मनावर घेतलं. रुग्ण रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरूनच थेट सीटीच्या टेबलावर न्यायचा, कागदपत्रं वाटेतच करून ठेवायची, असं एकेक करत त्यांनी दारापासून इंजेक्शनपर्यंतचा वेळ १०५ मिनिटांवरून २० मिनिटांवर आणला. यात नवं यंत्र एकही नव्हतं.

मग एमआरआय कमी पडतो का?

नाही. नजरेचा प्रश्न असेल तर एमआरआयपुढे सीटी म्हणजे मोतीबिंदू झालेला डोळा.

एमआरआयमध्ये डिफ्यूजन नावाची एक तपासणी असते. ती पाण्याचे कण किती मोकळे फिरताहेत ते पाहते. एरवी तुळशीबागेत तुम्ही हवे तसे हिंडता. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तीच गल्ली, तीच दुकानं, पण पाय हलवायला जागा नाही. उपाशी पेशीत असंच होतं: तिचा पंप बंद पडतो, बाहेरचं पाणी आत शिरतं, पेशी फुगतात, मधल्या फटी चिंचोळ्या होतात आणि पाणी जागच्या जागी कोंडतं. डिफ्यूजनमध्ये तो भाग दिव्यासारखा पेटून उठतो. आणि हे तासांनी नाही, मिनिटांत.

अमेरिकेत संशयित पक्षाघाताच्या ३५६ रुग्णांची सीटी आणि एमआरआय, दोन्ही लागोपाठ करून पाहिली होती. २००७ साली ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. ज्यांना शेवटी खरोखर पक्षाघात ठरला त्यांच्यापैकी ८३ टक्के एमआरआयने पकडले, सीटीने २६ टक्के. बरं, रक्तस्रावही एमआरआयला दिसतो; त्यासाठी वेगळी तपासणी आहे आणि ताज्या रक्ताच्या बाबतीत ती सीटीच्या तोडीस तोड आहे. फ्रान्समधल्या कित्येक केंद्रांत पहिला स्कॅन एमआरआयच असतो.

म्हणजे मुलगा बरोबरच बोलत होता की! अर्धा बरोबर होता. पहाटे पावणेचारला मला "मेंदूत नेमकं कुठे आणि किती" हे विचारायचं नव्हतं. ते मला हातपाय बघून निम्मं कळलेलंच होतं: उजवी बाजू आणि बोलणं गेलं, म्हणजे डावा मेंदू. मला एकच गोष्ट हवी होती, रक्त आहे की नाही. त्या प्रश्नाला सीटी एमआरआयइतकंच खात्रीचं उत्तर देते आणि काही सेकंदांत देते. स्कॅन निवडताना कोणता स्कॅन सगळ्यात जास्त दाखवतो ते बघायचं नसतं. आता जो निर्णय अडलाय तो कोणता स्कॅन सगळ्यात आधी सोडवतो, ते बघायचं असतं.

आणि एमआरआयच्या दारात काय काय होतं ते एकदा बघायला हवं. आधी प्रश्न: पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, वेल्डिंगचं काम करता का. उत्तर देणार कोण? ज्याला ठाऊक आहे त्याची वाचा गेलेली. मग अंगावरचं काढणं. ताईत, करगोटा, बायकांची जोडवी, मंगळसूत्र, केसांतल्या पिना, बांगड्या. एका आजींची नाकातली चमकी पंधरा मिनिटं निघाली नव्हती, शेवटी सुनेने तेल लावून काढली. मग आत बोगद्यासारख्या नळीत निजायचं, कानाशी घणाचे घाव, आणि हलायचं नाही. बेचैन, गोंधळलेला, ओकारीला आलेला माणूस हलणारच. डिफ्यूजनची तपासणी दीड-दोन मिनिटांची असली तरी तिच्याभोवतीचा सगळा पसारा धरला तर अर्धा तास कुठे गेला कळत नाही. त्यात आमच्याकडे एमआरआय रस्त्यापलीकडच्या इमारतीत, आणि रात्री त्याचा टेक्निशियन घरी झोपलेला.

जर्मनीतल्या होमबुर्गमध्ये २००८च्या सुमारास क्लाउस फासबेंडर यांच्या गटाने स्कॅनरच रुग्णवाहिकेत बसवला आणि गाडी रुग्णाच्या दारात नेली. त्या गाडीत सीटी ठेवली, एमआरआय नाही. वरच्या यादीकडे पाहिलं की का ते कळतं.

तरी काही वेळा मी स्वतःच "आधी एमआरआय" म्हणतो. सगळ्यात मोठा प्रसंग झोपेतून उठल्यावर लक्षात आलेल्या पक्षाघाताचा. रात्री दहाला चांगला झोपलेला माणूस सकाळी सहाला हात लुळा घेऊन उठतो. घड्याळ कधीपासून मोजायचं? नियम असा की शेवटचं धडधाकट पाहिलं तेव्हापासून, म्हणजे दहापासून, म्हणजे आठ तास, म्हणजे मुदत संपली. पण पक्षाघात पहाटे पाचला झाला असेल तर? इथे एमआरआय घड्याळाचं काम करतो. डिफ्यूजन मिनिटांत पेटतं. फ्लेअर नावाच्या दुसऱ्या तपासणीत तीच जागा उजळायला काही तास जातात. एकीत दिसतं आणि दुसरीत दिसत नाही, म्हणजे घटना बहुधा साडेचार तासांच्या आतली. २०१८ साली युरोपातल्या ५०३ रुग्णांवरच्या चाचणीत अशा लोकांना औषध दिलं तेव्हा १०० पैकी ५३ जण चांगले सावरले, न दिलेल्यांत ४२. पूर्वी या सगळ्यांना "उशीर झाला" म्हणून परत पाठवत असू.

काकांच्या बाबतीत हा पेच पडला नाही, आणि त्याचं श्रेय त्या माउलीला. "किती वाजता झालं?" या प्रश्नाला आधी ती "रात्रीच" एवढंच म्हणाली होती. खोदून विचारल्यावर मोटरीचं आठवलं. "मोटर बंद केलीस का" हे वाक्य स्पष्ट, सरळ, नेहमीच्या आवाजात होतं, आणि तेव्हा पावणेतीन वाजले होते कारण तिने मोटरीसाठीच घड्याळ पाहिलं होतं. त्या एका वाक्यामुळे काका झोपेतल्या पक्षाघाताच्या वाटेला न जाता सरळ सीटीच्या वाटेला लागले.

दुसरा प्रसंग चकरेचा. मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात, मानेच्या वर जिथे तोल सांभाळला जातो, तिथे सीटी अगदीच दुबळी. कानामागचं हाड इतकं टणक की त्याचे पट्टे चित्रावर आडवे येतात. अचानक भोवळ, एकाचे दोन दिसणं, बसल्या जागी एका बाजूला कलणं, आणि सीटी स्वच्छ. अशा माणसाला "ॲसिडिटी" किंवा "मणक्याची चक्कर" म्हणून घरी पाठवल्याची उदाहरणं प्रत्येक गावात आहेत. इथे एमआरआय हवा. आणि तोही देव नाही: मागच्या भागातला छोटा पक्षाघात पहिल्या दिवशी डिफ्यूजनलाही कधी कधी चकवतो. रुग्णाला उभं करून दोन पावलं चालवून पाहणारा डॉक्टर अशा वेळी दोन्ही यंत्रांना मागे टाकतो.

तिसरा, वीस मिनिटांत आपोआप बरं झालेला झटका. "गेलं ना आता, कशाला खर्च?" अशांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांच्या डिफ्यूजनमध्ये ताजा ठिपका सापडतो. म्हणजे तो झटका नव्हता, छोटा पक्षाघातच होता, आणि मोठा मागून येत असू शकतो.

नळ्या पाहायची तपासणी

साध्या सीटीने रक्त नाही म्हटलं की काम संपत नाही. पुढचा प्रश्न: तुंबलेली वाहिनी बारीक फांदी आहे की मुख्य खोड? खोडातली मोठी गुठळी औषधाने बऱ्याचदा विरघळत नाही. ती जांघेतून तार घालून ओढून काढावी लागते. २०१५ साली एकामागून एक पाच चाचण्यांनी हे सिद्ध केलं, सुरुवात नेदरलँड्सच्या ५०० रुग्णांच्या चाचणीने झाली. ही सोय पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत, म्हणून कोणाला तिकडे हलवायचं ते आम्हाला इथेच ठरवावं लागतं.

त्यासाठी सीटी अँजिओ. रुग्ण टेबलावरून उतरवायचा नाही. हाताच्या शिरेतून आयोडीनचं रंगद्रव्य सोडायचं आणि छातीपासून टाळूपर्यंतच्या धमन्या टिपायच्या. रंग जिथे अडतो तिथे नळी बंद. किडनीची काळजी नातेवाईक करतात आणि ती चुकीची नाही, पण मोठी वाहिनी बंद असल्याचा संशय असेल तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टची वाट पाहत मेंदू घालवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. आणि इंजेक्शन अँजिओसाठी थांबत नाही. साधी सीटी झाली की औषध सुरू, बाकीचं त्याच्या बरोबरीने.

याच अँजिओत मानेतल्या धमनीची जागा आत किती अरुंद झालीय तेही कळतं, आणि शेजारच्या फांद्या उपाशी भागाला आडवाटेने किती रक्त पोचवताहेत तेही. ही आडवाट मला फार महत्त्वाची वाटते. दोन माणसांची एकच वाहिनी एकाच जागी बंद होते. एकाचा मेंदू दोन तासांत जातो, दुसऱ्याचा दहा तास तग धरतो. फरक आडवाटांचा.

ती तग मोजायची तपासणी म्हणजे परफ्यूजन. पंचांगात "छायाकल्प चंद्रग्रहण" लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल: चंद्र गडद सावलीत जात नाही, तिच्या भोवतीच्या फिक्या कडेतून जातो. मेंदूच्या डॉक्टरांनी ग्रहणाचाच हा शब्द उचलला. मधला गाभा मेलेला, त्याच्याभोवती फिकी छाया: काम बंद, पण जीव शाबूत. रंगद्रव्य प्रत्येक ठिपक्यात किती आणि किती उशिरा पोचतं ते मोजून संगणक गाभा आणि छाया वेगळ्या रंगात काढून देतो. गाभा लहान आणि छाया मोठी असेल, तर घड्याळ काही म्हणो, गुठळी काढायला जावं. २०१८ साली दोन चाचण्यांनी हे दाखवलं. त्यांतल्या एकीत ६ ते २४ तास उलटलेले रुग्ण होते. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर, स्वतःच्या हाताने सगळं करत होते. न काढलेल्यांत १३.

पण त्या रंगीत नकाशावर भाळू नये. रुग्ण हलला, हृदय दुबळं असल्याने रंग उशिरा आला, जुना पक्षाघात असला, की संगणक चक्क खोटे रंग भरतो. शिवाय पहिल्या सहा तासांत मोठी वाहिनी बंद आढळली तर बहुतेकांना परफ्यूजनची गरजच नसते. साधी सीटी आणि अँजिओ पुरे. परफ्यूजन उशिरा आलेल्यांसाठी. महागडी तपासणी आहे म्हणून ती सर्वांना करणं म्हणजे पुन्हा तोच "मोठा स्कॅन"चा मोह.

एक प्रकार या सगळ्या हिशेबाबाहेरचा. बाळंत होऊन पंधरा दिवस झालेली मुलगी, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, एखादी फिट, मग हातापायात अशक्तपणा. इथे धमनी नाही, रक्त परत नेणारी शीर तुंबलेली असू शकते. साधी सीटी पुन्हा फसवू शकते. "बाळंतपणात डोकं दुखतंच" म्हणण्याआधी शिरांचा वेगळा स्कॅन, सीटी व्हेनोग्राफी किंवा एमआर व्हेनोग्राफी, मागायला हवा. मागितल्याशिवाय आम्ही तो करत नाही, कारण चिठ्ठीवर फक्त "ब्रेन" लिहिलेलं असतं.

चिठ्ठीवरून आठवलं. लहान गावातून मला रात्री व्हॉट्सॲपवर सीटीचे फोटो येतात: फिल्म ट्यूबलाइटसमोर धरलेली, कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा. रक्त असेल तर ते तशाही फोटोत कळतं. पण ३७ आणि ३५मधला तो फरक फिल्मवर छापतानाच मेलेला असतो, पट्टी आवळायची सोय उरत नाही. मूळ फाइल पाठवा. तेही जमत नसेल तर संगणकाच्या पडद्यावर सगळे काप वरून खाली सरकवत व्हिडिओ काढून पाठवा.

नातेवाइकांकडून मला हवी असते ती माहिती अगदी थोडी, पण ती दारात मिळाली तर सोनं. शेवटचं नीट कधी पाहिलं, कशावरून. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का; असेल तर तिची पट्टी खिशात घालून आणा, नाव आठवत बसू नका. पेसमेकर किंवा मेंदूचं ऑपरेशन झालंय का. आणि त्याहीआधी, १०८ला फोन केल्यावर किंवा शेजाऱ्याची गाडी काढल्यावर, पहिलं हॉस्पिटल निवडताना एकच चौकशी: तिथे या घडीला सीटी चालू आहे का? जवळचा ओळखीचा दवाखाना, तिथे एक सलाइन, मग तिथून पुढे, असं करत आलेले लोक मला रोज भेटतात. त्यांचे स्कॅन वाचायला फार सोपे असतात. सगळं स्पष्ट दिसत असतं.

काकांच्या अँजिओत मुख्य खोड मोकळं निघालं. पुढची एक बारीक फांदी बंद होती. ओढून काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून शहरात हलवायचा प्रश्न मिटला. मुलाने सही केली. चार वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन गेलं.

दुसऱ्या दिवशी, चोवीस तासांनी, ठरल्याप्रमाणे पुन्हा साधी सीटी. औषधाने कुठे रक्त झिरपलं नाही ना, एवढं बघायला. काका टेबलावर स्वतःच सरकले, उजवा हात जरा उशिरा, पण आला. मुलगा या वेळी आत येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. डाव्या बाजूला, काल जिथे रेघ पुसट होती तिथे, करंगळीच्या नखाएवढा काळा डाग.

"हे काल नव्हतं ना?" त्याने विचारलं.

"काल होतंच. दिसत नव्हतं."

तो थोडा वेळ दोन्ही पडद्यांकडे बघत राहिला, एकावर कालचा काप, एकावर आजचा. रक्त कुठेही नव्हतं. दुपारी काकांची ॲस्पिरिन सुरू झाली.